‘सेट’ शब्दाचा संच

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाची होती. तिचा विस्तार सुमारे 60,000 शब्दांचा. एवढा पसारा होण्याचे एक कारण म्हणजे या रूपात दोन वेगळी कुळे एकत्र आली आहेत. ठेवणे, बसवणे, मांडणे हे अर्थ जुन्या इंग्रजी क्रियापदातून आले. चित्रपटाचा सेट ‘लागतो’ तो या अर्थाने. समूह हा अर्थ मात्र फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’पासून, म्हणजे अनुयायांच्या गटापासून आला. पुढे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले.

घरगुती वापरात सेट म्हणजे एकत्र वापरायच्या, एकमेकींना शोभणाऱ्या वस्तू. मोत्यांच्या सेटमध्ये हार, कानातले आणि बांगड्या एकाच घडणीच्या असतात. बुद्धिबळाच्या सेटमध्ये 32 सोंगट्या लागतात. त्यातला एक उंट हरवला तर उरलेल्या 31 सोंगट्यांना कोणी पूर्ण सेट म्हणत नाही. पूर्णता हा या अर्थाचा गाभा आहे. रेडिओ किंवा टीव्हीच्या सेटमध्येही अनेक सुटे भाग जोडून एक यंत्र तयार झाल्याची कल्पना आहे.

खेळात सेट म्हणजे सामन्याचा स्वतंत्रपणे मोजला जाणारा भाग. टेनिसमध्ये किमान सहा गेम आणि दोन गेमची आघाडी मिळवणारा सेट जिंकतो. 6-6 अशी बरोबरी झाल्यास टायब्रेक होतो. पूर्वी विम्बल्डनच्या निर्णायक सेटमध्ये टायब्रेक नसे. त्यामुळे 2010 मध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पाचवा सेट 70-68 असा संपला. व्हॉलीबॉलचा सेट 25 गुणांचा, तर पाचवा 15 गुणांचा असतो. रमीत एकाच किमतीची पण वेगवेगळ्या रंगांची तीन किंवा चार पाने म्हणजे सेट. एकाच रंगाची ओळीने येणारी पाने म्हणजे सीक्वेन्स. व्यायामशाळेत न थांबता केलेल्या ठरावीक आवर्तनांचा एक सेट होतो.

गणिताने या शब्दाला सर्वांत काटेकोर अर्थ दिला. जर्मन गणिती गेओर्ग कँटर यांनी 1874 पासून संच सिद्धांताचा पाया घातला. गणितात घटकांनी एकमेकांना शोभण्याची गरज नसते. अट एवढीच, की कोणती गोष्ट संचात आहे आणि कोणती नाही हे निश्चित सांगता आले पाहिजे. ‘वर्गातील उंच मुले’ हा संच नाही, कारण उंच कोणाला म्हणायचे यावर मतभेद होतील. ‘वर्गातील 150 सेंटीमीटरपेक्षा जास्त उंचीची मुले’ हा संच आहे. घटकांचा क्रम बदलला किंवा एखादा घटक पुन्हा लिहिला तरी संच तोच राहतो. 2212 या संख्येतील अंकांच्या संचात म्हणून 1 आणि 2 हे दोनच घटक येतात. एकही घटक नसलेला रिक्त संचही गणितात चालतो; दुकानात एकही कप नसलेला टी-सेट कोणी विकत घेणार नाही.

मराठीत ‘सेट’ आणि ‘संच’ हे दोन्ही शब्द रुळले आहेत, पण त्यांची क्षेत्रे बरीचशी वेगळी आहेत. सोफा, भांडी आणि दागिने यांचा ‘सेट’ असतो. पाठ्यपुस्तके, शासन व्यवहार आणि वृत्तपत्रे ‘संच’ वापरतात. शाळेत संच, उपसंच आणि विश्वसंच शिकवले जातात. शिक्षण खाते शाळेच्या शिक्षकपदांना ‘संच मान्यता’ देते. औष्णिक वीजकेंद्रातील संच बंद पडल्याची बातमी येते. नाटकातील कलाकारांच्या ताफ्याला ‘नटसंच’ म्हणतात. तिथे मात्र ‘सेट’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नट येत नाहीत, नेपथ्य येते.