चर्चा घरोघरी, तिकीटबारी रिकामी

शुक्रवारी पुण्या-मुंबईत नवा मराठी चित्रपट लागतो आणि शनिवारी सकाळपर्यंत त्याची वार्ता बंगळूरच्या हेब्बाळमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही पोचलेली असते. पुण्याच्या मावशीने फोनवर बजावलेले असते, ‘अगं, चुकवू नकोस हं!’ मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कौतुकाचा पाऊस पडत असतो. म्हणून उत्साहाने वेळापत्रक पाहावे, तर एवढ्या मोठ्या शहरात मोजून दोन-तीन खेळ, तेही दुसऱ्या टोकाच्या मॉलमध्ये आणि भलत्याच वेळी. हेब्बाळच्या उड्डाणपुलावरची कोंडी ज्यांनी सोसली आहे, त्यांना ‘दुसरे टोक’ म्हणजे काय ते सांगायला नको. मग ठरते, ‘पुढच्या रविवारी जाऊ.’ पुढच्या रविवारी चित्रपट उतरलेला असतो. आणि त्याच गटावर कुणीतरी एक दुवा पाठवलेला असतो: फुकट, घरबसल्या, फक्त बोट लावायचे!

छोट्या, स्वतंत्रपणे काढलेल्या चित्रपटाचे नशीब या आठ दिवसांत ठरते. चर्चा आणि चोरी या दोन्ही गोष्टी आता एकाच वाटेने, एकाच फोनमधून घरात येतात. फरक इतकाच की चर्चेला जोर चढायला आठवडा लागतो आणि तोवर चित्रपटगृहाचा धीर सुटलेला असतो.

ज्याच्या मागे मोठा नट नाही, जाहिरातीला पैसा नाही, त्याचा पहिला दिवस रिकामाच जाणार. त्याची भिस्त सगळी ‘तुम्ही पाहिलात का?’ या प्रश्नावर. पण मल्टिप्लेक्सचा हिशेब पहिल्या शनिवार-रविवारवर चालतो. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ मध्ये मोठा तंटा झाला, तो मिटताना हिंदी चित्रपटांसाठी जे सूत्र ठरले, त्यात पहिल्या आठवड्याच्या निव्वळ उत्पन्नातला ५० टक्के वाटा निर्माता-वितरकाचा होता. दुसऱ्या आठवड्यात तो ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्क्यांवर येत होता. म्हणजे लोकांच्या तोंडून तोंडी होत जाणाऱ्या चित्रपटाला गर्दी उशिरा जमणार आणि उशिरा जमलेल्या गर्दीतला वाटाही कमी मिळणार. ही सरळ गोष्ट चाहत्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळेचा खेळ द्यावा, असा निर्णय सरकारने जाहीर केला आणि त्यावर बराच गदारोळही झाला. पण तो महाराष्ट्रापुरता. परराज्यातल्या मराठी माणसाने कुणाकडे दाद मागायची?

गावाने काढलेला चित्रपट

याच बंगळूरने या कोड्याचे एक उत्तर शोधून दाखवले होते. कन्नड दिग्दर्शक पवन कुमार यांच्या ‘लूसिया’ला नेहमीचा निर्माता मिळेना. २०११ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपले गाऱ्हाणे इंटरनेटवर लिहून टाकले आणि लोकांनाच पैसे मागितले. २७ दिवसांत ११० जणांनी मिळून ५१ लाख रुपये उभे केले! चित्रपटाचा नायक म्हणजे चित्रपटगृहात अंधारात विजेरी दाखवून लोकांना खुर्चीवर बसवणारा साधा पोऱ्या. सतीश नीनासम यांनी ती भूमिका केली. २०१३ च्या जुलैमध्ये लंडनच्या भारतीय चित्रपट महोत्सवात या चित्रपटाने प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळवला आणि ६ सप्टेंबरला तो कर्नाटकात लागला. पुढे २०१५ मध्ये ‘एनक्कुल ओरुवन’ या नावाने तो तमिळमध्येही आला.

‘लूसिया’च्या यशाचे श्रेय सरसकट ‘इंटरनेटवरच्या हवेला’ दिले जाते. मला ते अर्धेच पटते. हवा तर पुष्कळ चित्रपटांची होते. इथे फरक हा होता की पैसे घालणारा माणूस आणि कौतुक करणारा माणूस एकच होता. ज्याने स्वतःच्या पगारातून काही हजार रुपये दिले आहेत, तो पहिल्याच दिवशी तिकीट काढणार, चार मित्रांना ओढून नेणार आणि चोरटी प्रत कुणी पाठवलीच तर त्याला चार शब्द सुनावणारही. चर्चा प्रदर्शनानंतर सुरू झाली नाही, दीड वर्ष आधीपासूनच ती तापत होती. पहिला शुक्रवार रिकामा जाण्याची धास्ती तिथेच कमी झाली.

आपल्याकडेही हे अगदीच नवे नाही. २००४ मध्ये ‘श्वास’ची निवड ऑस्करसाठी भारतातर्फे झाली, तेव्हा तिकडच्या प्रचाराचा खर्च भागवायला सामान्य मराठी माणसाने, अगदी शाळकरी मुलांनीही हातभार लावला होता. तेव्हा हातोहाती दुवे पाठवायची सोय नव्हती, तरी चित्रपट घराघरांत पोचला होताच.

‘चोरीने नुकसान होतच नाही’

असे ठासून सांगणारेही भेटतात. त्यांचे हुकमी उदाहरण म्हणजे ‘सैराट’. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला लागला. थोड्याच दिवसांत त्याची सेन्सॉरसाठी दिलेली प्रत बाहेर फुटली आणि मोबाइलवर फिरू लागली. तरी कमाईचा १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरलाच ना? ठरला. पण त्याच्या पाठीशी झी स्टुडिओज होते, अजय-अतुलची गाणी प्रदर्शनाआधीच वरातीत वाजत होती आणि गावोगावी पडदे मिळालेले होते. पुराच्या नदीतून कुणी चार घागरी पळवल्या तर नदीला काय कळणार? विहिरीतून पळवल्या तर मात्र कळते. दोन-तीन खेळांवर जगणारा चित्रपट ही विहीर आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे दिले जाते. ‘द मॅन फ्रॉम अर्थ’ हा २००७ चा चित्रपट जवळजवळ सगळाच्या सगळा एका खोलीत घडतो. कमी खर्चात झालेल्या या चित्रपटाच्या चोरट्या प्रती इंटरनेटवर पसरल्या, तो एकाएकी जगभर गाजला आणि त्याच्या निर्मात्याने चक्क त्या प्रती पसरवणाऱ्यांचे जाहीर आभार मानले. गोष्ट खरी आहे, पण सांगणारे ती इथेच थांबवतात. याच चित्रपटाचा पुढचा भाग आला, तेव्हा २०१८ मध्ये कर्त्यांनी तो स्वतःच्या हातांनी चोरट्या संकेतस्थळावर ठेवला आणि आवडल्यास यथाशक्ती पैसे द्या, अशी प्रेक्षकांना विनंती केली. पहिल्या चित्रपटाला एवढी कीर्ती लाभूनही दुसऱ्या खेपेला देणगीपेटीच मांडावी लागली!

कायद्याने आता दात दाखवले आहेत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटाची चोरटी प्रत काढणाऱ्याला किंवा दाखवणाऱ्याला किमान ३ महिने ते ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. दंडाची कमाल मर्यादा निर्मितीखर्चाच्या ५ टक्के इतकी आहे. मात्र आपल्या गटावर दुवा टाकणाऱ्या काकांना हे बोलून दाखवायला सहसा कुणी धजत नाही. शिवाय काका चित्रपटाच्या प्रेमापोटीच पाठवत असतात, ही त्यातली खरी अडचण. त्यांना वाटते, आपण प्रचार करतो आहोत. काही अंशी ते खरेही आहे, फक्त त्या प्रचारातून एकही तिकीट खपत नाही.

हेब्बाळसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी मग करायचे काय? एक वाट बऱ्याच शहरांतल्या मराठी मंडळींनी धरलेली आहे. चित्रपट लागायच्या आधीच नावे गोळा करायची, पैसे आगाऊ जमवायचे आणि जवळच्या मल्टिप्लेक्सला सांगून एक अख्खा खेळ आरक्षित करायचा. खुर्च्या आधीच भरलेल्या असल्या की व्यवस्थापक भाषा विचारत नाही. गाडगीळांच्या सोसायटीतले चार, ऑफिसातले सहा, मंडळातले दहा असे करत आकडा जमतो. उशिरा ठरवले तर जमत नाही. त्यामुळे मावशीचा फोन शनिवारी येऊन उपयोग नाही, तो आदल्या सोमवारी यायला हवा.