प्रश्न बाबांना, उत्तर मात्र आपलं!

फिजिओथेरपिस्ट घरी येतात. पलंगावर बसलेल्या बाबांना विचारतात, “आज कसं वाटतंय?” बाबा ओठ हलवतात, शब्द शोधतात. तेवढ्यात तुम्हीच बोलून मोकळे होता, “बरे आहेत. पण व्यायामाचा फार कंटाळा करतात.” बाबा मान खाली घालतात.

पक्षाघातानंतर अनेक घरांत हे रोज घडतं. हेतू वाईट नसतो, पण रुग्ण आणि उपचार करणाऱ्याचं नातं इथेच अडतं.

बोलता येत नाही, पण कळतं

बहुतेक माणसांमध्ये भाषेचं काम मेंदूच्या डाव्या भागात चालतं. तिथे इजा झाली की उजवी बाजू लुळी पडते आणि अनेकदा बोलणंही अडखळतं. याला ‘अफेजिया’ म्हणतात. यात बुद्धी जात नाही, शब्द सापडत नाहीत. काहींना दुसऱ्याचं बोलणं समजायलाही वेळ लागतो. म्हणून चांगले स्पीच थेरपिस्ट लहान वाक्यं बोलतात, हो-नाहीचे प्रश्न विचारतात, चित्रं दाखवतात आणि मुख्य म्हणजे थांबतात. तुम्हीही मनात १० आकडे मोजा, मगच मदतीला या.

ध्येय कोणाचं?

थेरपिस्टच्या वहीत लिहिलेलं असतं, ‘हात खांद्यापर्यंत उचलणे’. बाबांना मात्र स्वतःच्या हाताने भात खायचा असतो, एकट्याने बाथरूमला जायचं असतं. ही इच्छा थेरपिस्टपर्यंत पोहोचली, तर व्यायामही तसाच आखता येतो. मेंदू सरावाने पुन्हा शिकतो. ज्या कामाचा सराव, ते काम सुधारतं.

“किती दिवसांत बरे होतील?” असं विचाराल, तर प्रामाणिक थेरपिस्ट तारीख देणार नाहीत. पहिल्या ३ महिन्यांत सुधारणा सहसा वेगाने होते. पुढे ती मंदावते, पण थांबतेच असं नाही. हे खरं उत्तर बाबांसमोर, बाबांनाच मिळायला हवं.

तो कंटाळा नसेलही

पक्षाघातानंतर साधारण ३ पैकी एका रुग्णाला नैराश्य येतं. थकवा असतो. लुळा हात धरून ओढून उठवल्यामुळे खांदाही दुखत असतो. “थेरपिस्ट रागावतील” म्हणून कित्येक रुग्ण हे सांगतच नाहीत. ‘आळशी’ म्हणण्याआधी कुठे दुखतं ते विचारा, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आपणच करून घेतलं तर?

फी परवडत नाही, तेव्हा हा विचार येतोच. नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम करून घेतल्याने जास्त फायदा होतो का, हे भारतातल्या १४ रुग्णालयांत सुमारे १२५० रुग्णांवर तपासलं गेलं. ‘अटेंड’ नावाचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नेहमीचेच उपचार मिळालेल्या रुग्णांशी तुलना केली, तर ६ महिन्यांनंतर फारसा फरक दिसला नाही. घरच्यांची माया हवीच, पण थेरपिस्टची जागा ती एकटी भरून काढत नाही. पैशांची अडचण असेल तर ती थेरपिस्टना मोकळेपणाने सांगा. भेटी कमी करता येतात, अधूनमधून फोनवर विचारता येतं. संबंध तोडू नका.

पुढच्या वेळी थेरपिस्ट आले, की त्यांची खुर्ची बाबांच्या समोर मांडा. तुम्ही थोडे मागे बसा. “कसं वाटतंय?” हा प्रश्न आला की गप्प राहा. उत्तराला वेळ लागेल. लागू द्या.