चिलखत आणि जादूरोध : ऑनलाईन युद्धखेळांतील गणित

चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-क्रीडेसाठी प्रथमच अधिकृत पदके देण्यात आली. ‘लीग ऑफ लिजंड्स’ या खेळात भारतीय संघ उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून पराभूत झाला. या खेळात प्रत्येक योद्ध्याला दोन प्रकारचे संरक्षण असते. चिलखत शस्त्रांचे घाव झेलते, तर जादूरोध मंत्रांचा मारा. एक दुसऱ्याचे काम करीत नाही.

चिलखताचे गुण आघातातून सरळ वजा केले असते, तर भरपूर चिलखत चढवलेला योद्धा अवध्यच ठरला असता. म्हणून १०० ला ‘१०० अधिक चिलखत’ या बेरजेने भागतात. येईल तेवढाच अंश योद्ध्यापर्यंत पोहोचतो. १०० गुणांवर निम्मा, २०० गुणांवर एकतृतीयांश. दुसऱ्या शंभरात लाभ घटला, असे वाटते खरे. पण १,००० प्राणशक्तीच्या योद्ध्याला पाडण्यास आधी २,००० आणि नंतर ३,००० आघात लागतो. प्रत्येक गुणाचे मोल कायम राहते. जादूरोधालाही हेच सूत्र लागू आहे.

खरा पेच खरेदीचा. सोने मर्यादित असते. प्रतिस्पर्धी संघातील पाचही जण शस्त्रधारी असले, तर सारे सोने चिलखतावर लावून त्यांना निष्प्रभ करता येते. म्हणूनच जाणते संघ दोन्ही प्रकारचे योद्धे निवडतात. कोणतेही कवच न जुमानणारा तिसरा आघातही खेळात आहे. तो मात्र निर्मात्यांना हात राखूनच द्यावा लागतो. एरवी चिलखत कोणी विकत घेणार नाही.