पाण्यावरचे सहा झेंडे

मासा गळाला लागलाय हे माणसाला कळतं कसं, या प्रश्नाचा मी वयाची साठी उलटेपर्यंत कधी विचार केला नव्हता. आजोळी खाडीच्या धक्क्यावर मामा गरवायला बसत. गळाची दोरी उजव्या हाताच्या तर्जनीवरून पाण्यात सोडलेली आणि मामांचे डोळे मिटलेले. आम्हा पोरांना वाटे, मामांना डुलकी लागली. तेवढ्यात त्यांचं मनगट हिसका देई आणि दोरी सरसर वर येऊ लागे. "बोटाला कळतं रे," एवढंच त्यांचं शास्त्र होतं.

ती तर्जनी मला आठवली थेट जून २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या ईरी सरोवरात, एका भाड्याच्या बोटीवर. कारण तिथे दोरी कुणाच्याच बोटावर नव्हती. बोटीच्या डाव्या-उजव्या अंगाला तीन-तीन गळ, त्यातला शेवटचा बोटीपासून शंभर-सव्वाशे फूट लांब, आणि प्रत्येक दोरीवर पाण्यात तरंगणारी एक फळी. त्या फळीवर पोस्टकार्डाएवढासुद्धा नसेल असा एक लालभडक झेंडा. मासा लागला की नाही, हे त्या झेंड्याने सांगायचं!

मुलगी टोलेडोला असते. २०१२ मध्ये शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. तिच्या ऑफिसातल्या दोघांनी मिळून बोट ठरवली होती, त्यात "बाबांनाही आणते" म्हणून तिने माझं नाव घातलं. पोर्ट क्लिंटन नावाच्या छोट्या गावातून आम्ही पहाटे निघालो. हे गाव म्हणजे वॉलआय माशाचं पंढरपूर म्हणा ना. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री न्यूयॉर्कला चेंडू खाली उतरतो, तसा इथे एक अवाढव्य नकली वॉलआय क्रेनने खाली उतरवतात! आम्ही पोहोचलो तेव्हा धक्क्यावरचे दिवे, खांब, गाड्यांच्या काचा सगळं मेफ्लाय नावाच्या लांब शेपटीच्या किड्यांनी झाकून गेलं होतं. पायाखाली कुरकुर वाजत होतं. मी नाक मुरडलं तर आमचा कप्तान, सत्तरी ओलांडलेला, कारखान्यातून निवृत्त झालेला गृहस्थ, म्हणाला, "शिव्या देऊ नका यांना. हे किडे आमच्या सरोवरातून चाळीस वर्षं नाहीसे झाले होते. ते परतले तेव्हा आम्हाला कळलं, की पाणी सुधारतंय."

त्याचं म्हणणं खरं आहे. १९६९ मध्ये या सरोवराला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट घाणीने पेट घेतला होता, आणि ईरी सरोवर मेलं असं लोक उघड म्हणत. १९७० मध्ये पाऱ्याच्या प्रदूषणामुळे वॉलआयची मासेमारी थांबवावी लागली. पुढे १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा आला आणि हळूहळू मासा परतला. मग १९८८ मध्ये शेजारच्या सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपला सापडला. बोटाच्या पेराएवढा हा शिंपला परदेशी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आला आणि कोटींच्या संख्येने पसरला. तो पाणी गाळून गाळून खातो. त्यामुळे सरोवर पूर्वीपेक्षा नितळ झालं, आणि नितळ पाण्यात मासा बोटीला बुजू लागला.

फळीचं कारण इथेच आहे. ईरी हे त्या पाच महासरोवरांतलं सगळ्यात उथळ. आम्ही होतो त्या पश्चिम भागाची सरासरी खोली जेमतेम चोवीस फूट. डोक्यावरून बोट घरघरत गेली की मासा बाजूला सरतो. मग जिथे तो सरतो तिथेच गळ न्यायचा. फूटभर लांबीची, पाण्यात कडेवर उभी राहणारी, नाकाशी तिरकी कापलेली फळी दोरीला दोन चिमट्यांनी अडकवायची आणि सोडायची. बोट पुढे चालली की पाणी त्या तिरक्या नाकावर दाब देतं आणि फळी बाजूला, बाजूला सरकत जाते. आपण संक्रांतीला पतंग उडवतो ना, तसाच हा आडवा पतंग. फक्त वाऱ्याच्या जागी पाणी. फळीच्या मागे दोरी पुढे जाते, तिच्या टोकाला चमकती पात, मणी आणि गांडूळ. चालत्या बोटीमागे असे गळ ओढत नेण्याला तिकडे ट्रोलिंग म्हणतात. आपल्या ट्रॉलरच्या जाळ्याशी त्याचा काही संबंध नाही. बोटीचा वेग तरी किती? तासाला सव्वा मैल. पेन्शनरांच्या सकाळच्या फेरीपेक्षाही कमी!

पण या सोयीने एक गैरसोय केली. गळ आणि माणूस यांच्यामध्ये ती फळी येऊन बसली. मोठा मासा लागला तर प्रश्न नाही. फळीच मागे खेचली जाते, रांगेतून बाहेर पडते, आंधळ्यालाही कळावं. पण वीतभर मासा लागला तर? किंवा पातीला शेवाळाची एक काडी गुंडाळली तर? फळी आपली डौलात पुढे चाललेली असते. आपण चहा पीत असतो. आणि तो गळ तासभर नुसता ओढला जात असतो, कारण पात फिरायची थांबली की त्या गळाकडे दुसरा मासा ढुंकूनही बघत नाही.

झेंडा या तासाभरासाठी आहे. त्याची काडी फळीवर खिळीभोवती फिरते, एक बारीक स्प्रिंग तिला उभी धरते आणि खालून ती मागच्या चिमट्याला, म्हणजे दोरीला जोडलेली असते. गांडूळ आणि पात यांचा नेहमीचा ओढा असेल तोवर झेंडा ताठ. त्याहून जरा जास्त ओढ आली की झेंडा मागे झुकतो. बस्स, एवढंच यंत्र.

कप्तानाचा सगळा जीव मात्र त्या स्प्रिंगमध्ये होता. प्रत्येक फळी सोडताना तो ती आधी बोटीच्या कडेशी धरून चालवी, झेंडा बघे, स्प्रिंग एखादा वेढा आवळी किंवा सैल करी, पुन्हा बघे. मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? तो म्हणाला, "फार सैल ठेवली तर प्रत्येक लाटेला झेंडा पडतो. दिवसभर खोटी हाकाटी, मग माणूस बघायचंच सोडतो. फार आवळली तर छोटा मासा मरून जाईल, झेंडा हलणार नाही." वारा वाढला की तो थोडी आवळायचा, पडला की सैल. बोट वळत असताना झेंड्यांकडे बघायचंच नाही, हाही त्याचा नियम. वळणात बाहेरच्या फळीचा वेग वाढतो आणि झेंडा उगाच झुकतो, आतली मंदावते. सरळ चालताना दिसेल ते खरं. थरथरत झुकला तर बहुधा मासा, संथ झुकून तसाच राहिला तर बहुधा शेवाळ.

"आणि नक्की नसेल तर?"

"ओढून बघायचं. पाच मिनिटं जातात."

हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही स्प्रिंग अनोळखी कशी वाटेल? १९९४ मध्ये मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावरच्या शाखेत मॅनेजर होतो. ट्रॉलरसाठी कर्ज घेतलेला एक खातेदार होता. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला, स्वतः येऊन, माझ्या केबिनमध्ये चहा पिऊन. मग पाचची नऊ झाली. नऊची सोळा. मग एका हप्त्याचे दोन तुकडे झाले. पण महिनाअखेर पैसे जमा होत. खातं 'नियमित' होतं आणि तपासणीला आलेल्या साहेबांपुढे मी ते कौतुकाने उघडून दाखवलं. एक गोष्ट मात्र खात्यात नोंदवायची सोय नव्हती. त्याने चहाला थांबणं सोडलं होतं. काउंटरवर पैसे भरून तो परस्पर निघून जाई. काचेतून मला दिसत असे. आज ना उद्या विचारू, असं मी वर्षभर म्हटलं. इंजिन मोडलं होतं आणि आमचे हप्ते तो खासगी सावकाराकडून भरत होता, हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ट्रॉलरचा लिलाव झाला. त्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून आला, दाखवलं तिथे सह्या केल्या, आणि जाताना म्हणाला, "साहेब, पोर कितवीत गेली?"

पोर पहिलीत गेली होती. आता ती माझ्यासमोर डोक्याला रुमाल बांधून डावीकडचे तीन झेंडे राखत बसली होती.

तिचं एक सांगायला हवं. आमचा फोन दर रविवारी. ३ ऑगस्ट २०१४ हाही रविवार होता. "कशी आहेस?" "मजेत, बाबा." मंगळवारच्या पेपरात मी वाचलं, की टोलेडोच्या नळाचं पाणी शनिवारपासून प्यायला मना होतं. शेतातली खतं नदीने सरोवरात येतात, उन्हाळ्यात हिरवं शेवाळ माजतं आणि त्याचं विष पाण्यात उतरतं. उकळलं तर ते आणखी दाट होतं, म्हणून उकळायचंही नाही. चार लाखांवर माणसं तीन दिवस बाटल्यांच्या रांगेत उभी होती. त्यांत ही एक, आणि म्हणे मजेत! रागावलो तर म्हणाली, "तुम्ही तिथून काय पाणी पाठवणार होता का?"

त्या रविवारानंतर तिच्या 'मजेत'ला मी थोडी सैल स्प्रिंग लावायला हवी होती.

बोटीवरच्या त्या दिवशी मला तिच्या घरी राहून बारा दिवस झाले होते. जावई कामासाठी दुसऱ्या शहरात आहेत, असं तिने विमानतळावरच सांगितलं होतं. बारा दिवसांत त्यांचा एकच फोन आला, तो तिने मागच्या अंगणात जाऊन घेतला. बुटांच्या फळीवर एकाच मापाचे बूट. मी बघत होतो आणि आज ना उद्या विचारू, असं म्हणत होतो.

मध्यंतरी गप्पा भलतीकडेच वळल्या होत्या. आदल्या सप्टेंबरात क्लीव्हलँडच्या एका वॉलआय स्पर्धेत दोघांच्या माशांचं वजन दिसतं त्यापेक्षा भलतंच भरलं. संयोजकाने तिथल्या तिथे पोटं फाडली तर आत शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे तुकडे! दोघांना पुढे दहा-दहा दिवसांची कैद झाली, बोटही गेली. मी खूष होऊन म्हटलं, "आमच्याकडे याला ताळेबंद फुगवणं म्हणतात." कप्तान मनापासून हसला.

तेवढ्यात मुलगी उठून उभी राहिली. डावीकडचा शेवटचा झेंडा झुकला होता. पडला नव्हता, नुसता झुकला होता, आणि थरथरतही नव्हता. "शेवाळ असेल," तिचा सहकारी म्हणाला. कप्तानाने खांदे उडवले आणि काठी माझ्या हातात दिली. बोट थांबवायची नाही, दोरी सैल पडू द्यायची नाही, एका लयीत रीळ फिरवायचं, एवढंच त्याने बजावलं. रीळ फिरवता फिरवता फळी जवळ आली. ती काढायला दुसरा माणूस लागतो. मुलीने वाकून दोन्ही चिमटे दाबले, फळी सुटली, आणि आता दोरी आणि मी यांच्यामध्ये काही उरलं नाही. लगेच तर्जनीला एक बारीकशी धडधड कळली.

मासा निघाला दहा-अकरा इंची. सोनेरी हिरवा, अंधारात मांजराचे चमकतात तसल्या काचेच्या डोळ्यांचा. पंधरा इंचांखालचा वॉलआय ठेवता येत नाही. कप्तानाने हात ओले करून गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला. किती वेळ ओढला गेला होता कोण जाणे. क्षणभर तो कुशीवर तरंगत राहिला, मग शेपटी हलली आणि दिसेनासा झाला.

मुलगी ओली फळी मांडीवर धरून झेंडा पुसत होती. बाकीचे दोघे उजवीकडे होते. मी तिच्या शेजारी बसलो आणि मराठीत विचारलं, "तो परत येणार आहे का?"

तिने झेंडा पुसायचं थांबवलं नाही. "नाही, बाबा. डिसेंबरपासून वेगळे राहतोय. आईला आत्ता लगेच सांगू नका, मी सांगेन." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"बुटांवरून."

ती हसली. डोळे भरले होते, पण हसली. पुढे जे बोललो ते आमचं आहे. इतकंही मी तिला विचारूनच लिहिलंय.

तोवर कप्तानाने गळाला नवं गांडूळ लावलं होतं. मुलीने चिमटे अडकवले, फळी कडेशी धरली, झेंडा बघितला, स्प्रिंग अर्धा वेढा सैल केली आणि फळी सोडून दिली. तिरकी तिरकी होत ती लांब गेली, बाकीच्या दोघींच्या पलीकडे जाऊन रांगेत लागली. दुपारपर्यंत आम्हाला नऊ मोठे मासे मिळाले. रात्री तिने त्यातल्या एकाच्या तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून तळल्या. काटे कमी आहेत, चव आपल्या मासळीच्या मानाने जरा अळणी. आमसुलं मी नेलीच होती.