नकाशावरची तांबडी रेघ

गृहकर्जाचा अर्ज तपासताना अर्जदाराचे उत्पन्न, परतफेडीची क्षमता आणि तारणाचे मूल्य पाहिले जाते, हे आपण जाणतोच. परंतु अर्जदाराचे शेजारी कोणत्या वर्णाचे आहेत, यावरून कर्ज नाकारले गेले तर? अमेरिकेतील शहरांनी हा अनुभव अनेक दशके घेतला.

महामंदीच्या काळात लाखो घरांवर जप्तीचे सावट होते. ते दूर करण्यासाठी तेथील सरकारने 1933 साली ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ स्थापन केले. 1935 ते 1940 या काळात या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालोखाल निळी, मग पिवळी आणि ‘धोकादायक’ वस्ती तांबडी! कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतांशी तांबड्याच ठरल्या. 1934 साली निर्माण झालेल्या ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’नेही गृहकर्जांना हमी देताना वर्णभेदाचाच निकष लावला.

डेट्रॉइटमधील एक उदाहरण बोलके आहे. गोऱ्यांसाठी घरे बांधू इच्छिणाऱ्या एका विकासकाला, जवळच कृष्णवर्णीय राहतात म्हणून ही हमी मिळेना. 1941 साली त्याने दोन्ही वस्त्यांमध्ये सुमारे सहा फूट उंचीची, अर्धा मैल लांबीची भिंत उभारली आणि हमी मंजूर झाली! ती भिंत आजही उभी आहे.

1968 च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील वर्णभेदास बंदी केली. 1977 च्या कायद्याने बँकांवर आपल्या परिसरातील अल्प उत्पन्न गटांच्याही कर्जाच्या गरजा भागविण्याची जबाबदारी टाकली. तथापि, रेघ पुसली तरी तिचा व्रण राहिला. 108 शहरांच्या उपग्रहीय तापमान-नोंदींचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार जुन्या तांबड्या वस्त्यांतील जमिनीचे तापमान इतर वस्त्यांपेक्षा सरासरी 2.6 अंश सेल्सिअसने अधिक आढळले. तेथे झाडे कमी, डांबर आणि काँक्रीट अधिक.

आज कर्जदाराची पत संगणक ठरवू लागला आहे. त्याला वर्ण विचारावा लागत नाही. जुन्या नोंदींवरून तो शिकला, तर पत्त्यातील पिनकोडही पुरेसा ठरू शकतो. म्हणूनच यंत्राने नाकारलेला अर्ज बाजूला ठेवण्यापूर्वी त्यामागचे कारण तपासणे अगत्याचे आहे. कर्ज माणसाला द्यावयाचे असते, नकाशावरील रंगाला नव्हे.