प्रोबला काय कळतं?

मागच्या वेळी आपण ‘नक्कल म्हणजे काय’ इथे थांबलो होतो. आज एका यंत्राकडेच बघू. ड्रॉइंग हरवलेल्या भागाची नक्कल करायची, तर सीएनसी मशीनवर कटरच्या जागी प्रोब बसवतात. टोकाला कृत्रिम माणकाची इवलीशी गोळी. ती वस्तूला टेकली की सिग्नल जातो, मशीन त्या क्षणीचे एक्स, वाय, झेड नोंदवतं, थोडं सरकून पुन्हा टेकतं. असा स्पर्शाचा प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ साली काँकॉर्डच्या इंजिनाच्या नळ्या मोजायला बनवला.

आता गंमत बघा. नोंद होते गोळीच्या केंद्राची, पृष्ठभागाची नव्हे! गोळी ३ मिलिमीटर व्यासाची, तर पृष्ठभाग तिथून १.५ मिलिमीटरवर. पण कुठल्या दिशेला? एका बिंदूवरून ते कळत नाही, शेजारचे बिंदू लागतात. यावर सोपी युक्ती आहे: गोल टोकाचा कटरही ३ मिलिमीटरचाच घ्यायचा आणि केंद्राच्या त्याच वाटेने फिरवायचा. हिशेबच नको.

आणि कोपरा? १.५ मिलिमीटरहून बारीक गोलाईच्या खाचेत ही गोळी तळापर्यंत पोचतच नाही. मशीन तिथे गुळगुळीत गोलाई नोंदवतं, आणि आकडे बघून आपल्याला शंकासुद्धा येत नाही. तेव्हा मूळ भाग भंगारात टाकण्याआधी ती खाच बारीक गोळीने पुन्हा मोजावी.