सुटीच्या दिवसाची समुद्रमासेमारी आणि भरती-ओहोटीचे कालमापन : कोकण किनाऱ्याच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश : सुटीच्या दिवशी कुटुंबीय व मित्रमंडळींसह समुद्रकिनारी किंवा खाडीकाठी गळ टाकून मासे पकडण्याचा छंद कोकणात रूढ आहे. साप्ताहिक सुटीचा दिवस घड्याळ व दिनदर्शिका यांनी ठरतो. समुद्राची हालचाल मात्र चंद्राच्या गतीनुसार होते. या दोन कालमापनांतील विसंगती हे छंदी मासेमारीतील अपयश, अपघात आणि मत्स्यसंपत्तीची हानी यांमागील एक महत्त्वाचे कारण आहे. सागरतीरावरील समाजांकडे या विसंगतीवर मात करणारे पारंपरिक ज्ञान उपलब्ध आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : गरी, भरती-ओहोटी, तिथी, उधाण, भांग, छंदी मासेमारी.

१. प्रस्तावना

कोकण किनारपट्टीवर मासेमारी हा प्रामुख्याने उपजीविकेचा व्यवसाय आहे. कोळी, गाबीत, खारवी, दालदी आदी समाजांचे जीवन या व्यवसायाशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित राहिले आहे. परंतु याच किनाऱ्यावर मासेमारीचे दुसरेही एक रूप आढळते. शनिवारी-रविवारी किंवा मे महिन्याच्या सुटीत गावी आलेली मंडळी काका, मामा, आतेभाऊ आणि शेजारच्या मुलांसह खाडीवर जातात. सोबत तंगूस, गऱ्या, शिसे आणि आमिषासाठी कोळंबी असते. मिळालेली मासळी विकली जात नाही. ती वाटून घेतली जाते अथवा तेथेच भाजून खाल्ली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या मासेमारीतून व्यक्तीची पोषणाची मुख्य गरज भागवली जात नाही व जिचे उत्पन्न सर्वसाधारणपणे बाजारात विकले जात नाही, तिला छंदी मासेमारी मानले आहे. कोकणातील वरील प्रथा या व्याख्येत बसते.

दक्षिण कोकणात गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गळाने मासे पकडण्याच्या क्रियेला ‘गरवणे’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. बोलीभाषेत एखाद्या कृतीसाठी स्वतंत्र क्रियापद रूढ असणे हे ती कृती लोकजीवनात रुजल्याचे द्योतक मानता येईल.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(१) साप्ताहिक सुटी आणि भरती-ओहोटी यांच्या कालमापनातील फरक स्पष्ट करणे, (२) या फरकाचा मासेमारीवर व सुरक्षिततेवर होणारा परिणाम मांडणे, आणि (३) छंदी मासेमारीतील मत्स्यसंवर्धनाच्या प्रश्नाचा विचार करणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

३. रविवारचे कालमापन आणि समुद्राचे कालमापन

रविवारची सुटी ही कोकणच्या ग्रामजीवनाच्या दृष्टीने तुलनेने अलीकडची बाब होय. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील गिरणी कामगारांच्या चळवळीनंतर १८९० साली मुंबईच्या कापड गिरण्यांत रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. या गिरण्यांतील कामगारवर्गात रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. म्हणजेच चंद्राच्या कलांवरून दिवसाचे काम ठरवणाऱ्या प्रदेशातील माणसे भोंग्याच्या आणि आठवड्याच्या शिस्तीत आली. आज सुटीच्या दिवशी गरी घेऊन किनाऱ्यावर उतरणारा चाकरमानी ही दोन्ही कालमापने एकत्र आणू पाहत असतो.

चांद्रदिवस सुमारे २४ तास ५० मिनिटांचा असतो. या अवधीत कोकण किनाऱ्यावर दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ही वेळ काढण्याचा एक सोपा आडाखा मुंबई व परिसरात परंपरेने वापरला जातो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, तर एकादशीस सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती असते. पौर्णिमा व अमावस्येस ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. किनाऱ्याच्या दक्षिण भागात आणि खाडीच्या आत वसलेल्या गावांत या वेळा मागेपुढे होतात. म्हणून तेथील स्थानिक अनुभव विचारात घ्यावा लागतो.

या आडाख्याचा रविवारशी असलेला संबंध उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादा रविवार चतुर्थीस आला, तर सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी असते. खडक उघडे पडलेले असतात आणि त्यांवर बसून गरी टाकता येते. पुढील रविवारी एकादशीच्या आसपासची तिथी असते. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता भरती नुकतीच पूर्ण झालेली असल्याने आदल्या आठवड्यातील बैठकीचे सखल खडक पाण्याखाली असतात. त्याच्या पुढच्या रविवारी परिस्थिती पुन्हा पहिल्यासारखी होते. ‘गेल्या वेळी याच वेळेला आलो होतो’ हा शहरवासी मंडळींचा हिशेब त्यामुळे एकाआड एक रविवारी चुकतो.

४. उधाण व भांग यांचे महत्त्व

भरतीच्या वेळेबरोबर तिचे मानही बदलते. पौर्णिमा व अमावस्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत कार्य करते व पाण्याची चढउतार सर्वाधिक होते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही चढउतार सर्वांत कमी असते. तो भांग होय. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या मोठ्या भरतीची उंची साडेचार मीटरहून अधिक होते, तर दक्षिणेकडे सिंधुदुर्गात चढउतार बरीच कमी असते. परिणामी मुंबई-रायगडकडे अनुभव घेतलेल्या व्यक्तीचे अंदाज मालवणला आणि मालवणच्या व्यक्तीचे अंदाज मुंबईला तंतोतंत लागू पडत नाहीत.

मासेमारीच्या प्रकारानुसार उधाण आणि भांग यांची उपयुक्तता भिन्न ठरते. प्रवाहात तोंड उघडे ठेवून बांधल्या जाणाऱ्या डोल जाळ्यास उधाणाचा जोरदार ओढ अनुकूल असतो. गरीच्या बाबतीत मात्र अतिवेगवान प्रवाहात शिसे तळाशी ठरत नाही आणि पाणी गढूळ झाल्याने आमिष दिसत नाही. उधाणाच्या ओहोटीस पाणी दूरवर मागे हटत असल्याने तिसऱ्या वेचणे व खडकांवरील कालवे फोडणे या कामांसाठी तो काळ योग्य असतो. ही कामे परंपरेने मुख्यत्वे स्त्रिया करीत आल्या आहेत. म्हणूनच कौटुंबिक सहलीतील ज्ञानाचा वाटा केवळ गरी टाकणाऱ्या पुरुषांचा नसतो. कोणत्या तिथीला कोठपर्यंत चालत जाता येते, हे घरातील आजी किंवा काकू अनेकदा अधिक अचूकपणे सांगते.

खाडीच्या मुखाशी गरी टाकणारे जाणकार स्थिर पाण्यापेक्षा चढत्या वा उतरत्या पाण्याला प्राधान्य देतात. भरतीबरोबर कोळंबी व लहान मासे खाडीत शिरतात आणि त्यांच्या मागावर तांबोशी, जिताडा, शेंगटी यांसारखे भक्षक मासे येतात. यावरून केव्हा बसावे आणि केव्हा उठावे, याचा निर्णय मनुष्याच्या सोयीवर नव्हे तर माशाच्या आहारक्रमावर अवलंबून असल्याचे दिसून येते.

५. सुरक्षिततेचा प्रश्न

भरतीचे पाणी सहा तासांत समान वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते, असा नाविकांचा ठोकताळा आहे. म्हणजे निम्मे पाणी केवळ मधल्या दोन तासांत येते. पहिल्या तासात पाणी हळू चढताना पाहून निर्धास्त झालेली मंडळी तिसऱ्या तासाला अडचणीत येतात, याचे कारण हेच होय.

दुसरे कारण किनाऱ्याच्या रचनेत आहे. ओहोटीच्या वेळी ज्या खडकावर चालत जाता येते, तो आणि किनारा यांच्यामध्ये बहुधा एक सखल पट्टा असतो. भरतीचे पाणी प्रथम या पट्ट्यात शिरते. खडकाचा माथा कोरडा असताना परतीची वाट बंद झालेली असते आणि समुद्राकडे तोंड करून बसलेल्याच्या ते लक्षात येत नाही. म्हणून लहान मुले बरोबर असताना एका प्रौढ व्यक्तीने गरी हाती न घेता केवळ पाण्यावर व परतीच्या वाटेवर लक्ष ठेवणे आवश्यक ठरते. शेवाळलेल्या खडकावर अनवाणी किंवा गुळगुळीत तळव्याच्या चपलेने चालणे टाळावे. होडीतून जाताना प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालणे अनिवार्य मानावे.

पकडलेल्या माशांपासूनही काही धोके संभवतात. शेंगटीचे काटे व पाखटाच्या शेपटीवरील काटा विषारी असतात. अशी इजा झाल्यास जखम स्वच्छ करून तो अवयव सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवल्याने वेदना कमी होतात. तथापि काटा खोल रुतला असल्यास तो उपसून न काढता तातडीने वैद्यकीय उपचार घ्यावेत. फुगणारा केंड मासा गरीला वारंवार लागतो. त्याचे विष शिजवूनही नष्ट होत नसल्याने तो खाऊ नये.

पावसाळ्यात हे सर्व धोके अनेक पटींनी वाढतात. श्रावणातील नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मासेमारीचा हंगाम सुरू करण्याच्या प्रथेमागे खवळलेल्या समुद्राबद्दलची हीच जाणीव आहे. पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांसाठीची पावसाळी मासेमारी बंदी २०१५ पासून १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची करण्यात आली. किनाऱ्यावरून गरी टाकणाऱ्यास ती लागू नसली, तरी व्यावसायिक मच्छीमार ज्या काळात नौका किनाऱ्यावर ओढतो, त्या काळात हौशी व्यक्तीने लाटांच्या माऱ्यातील खडकावर उभे राहणे सयुक्तिक नाही.

६. मत्स्यसंवर्धन आणि छंदी मासेमारी

एका कुटुंबाने रविवारी पकडलेल्या मासळीचे प्रमाण अत्यल्प असते. तथापि खाड्या व कांदळवने ही अनेक माशांच्या पिलांची वाढीची ठिकाणे आहेत आणि छंदी मासेमारी नेमकी तेथेच होते. त्यामुळे गरीला लागणाऱ्या माशांत अपरिपक्व पिलांचा समावेश असण्याची शक्यता अधिक असते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी मासेमारीचे किमान आकारमान निश्चित केले. प्रजननक्षम होण्यापूर्वी मासा पकडला जाऊ नये, हे या तरतुदीमागील तत्त्व छंदी मासेमारीसही तितकेच लागू पडते.

मात्र केवळ लहान मासा सोडून देणे नेहमीच पुरेसे नसते. रायगडच्या खारेपाटात मानाचे स्थान असलेला जिताडा प्रथम नर म्हणून परिपक्व होतो व पुढे आकार वाढल्यावर मादीत रूपांतरित होतो. अर्थात खूप मोठा जिताडा ही बहुधा अंडी देणारी मादी असते. हेकरू अथवा गोबरा वर्गातील बहुतेक माशांत याउलट क्रम आढळतो. ते प्रथम मादी असतात व त्यांतील काही पुढे नर होतात. ज्या मोठ्या माशासोबत छायाचित्र काढण्याची सर्वाधिक हौस असते, तोच मासा पुढील पिढीच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाचा असू शकतो. ओल्या हातांनी गरी काढून असा मासा त्वरित पाण्यात सोडणे ही छंदाच्या परिपक्वतेची खूण होय.

कायद्याची माहितीही आवश्यक आहे. ओहोटीच्या डबक्यांत मुलांना आकर्षक वाटणारे समुद्रघोडे, समुद्रकाकड्या व प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले आहे. तेथे जाण्यापूर्वी स्थानिक निर्बंध जाणून घ्यावेत. खडकात अडकलेला तंगूस तोडून तेथेच टाकण्याची सवय पक्षी व कासवांसाठी घातक ठरते. वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात, हे ध्यानात घेता उरलेला प्रत्येक तुकडा परत आणणे हे सहलीचे शेवटचे काम मानले पाहिजे.

७. ज्ञानाचे हस्तांतरण

तिथीचा आडाखा, पाण्याचा रंग, माशांची स्थानिक नावे, आमिष लावण्याची रीत हे ज्ञान प्रायः लिखित स्वरूपात नसते. ते सोबत बसून मिळते. मासा लागेपर्यंतच्या दीर्घ प्रतीक्षेत मोठ्यांचे बोलणे आणि लहानांचे ऐकणे घडते. मुंबई-पुण्यात वाढलेल्या पिढीसाठी असा रविवार गावच्या बोलीशी व भूगोलाशी नाते टिकवण्याचे साधन ठरतो. ज्या कुटुंबात असा जाणता कोणी उरला नसेल, त्यांनी स्थानिक मच्छीमारास योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावे. त्यामुळे सुरक्षितता साधते व पारंपरिक ज्ञानाला आर्थिक मूल्यही प्राप्त होते. भ्रमणध्वनीवर भरतीचे वेळापत्रक आज सहज उपलब्ध असले, तरी कोणत्या खडकामागची वाट प्रथम बुडते, हे त्या वेळापत्रकात नसते.

८. निष्कर्ष

१. साप्ताहिक सुटी व भरती-ओहोटी यांची कालमापने भिन्न असल्याने लागोपाठच्या दोन रविवारी एकाच घटकेला किनाऱ्याची स्थिती जवळजवळ विरुद्ध असते.

२. मधल्या दोन तासांत चढणारे निम्मे पाणी आणि खडकामागील सखल पट्टा ही किनाऱ्यावरील अपघातांची समजून घेता येण्याजोगी व म्हणूनच टाळता येण्याजोगी कारणे आहेत.

३. छंदी मासेमारीत लहान माशांबरोबरच काही प्रजातींच्या मोठ्या माशांनाही जीवदान देणे संवर्धनाच्या दृष्टीने इष्ट आहे.

४. पाऊणपटीच्या आडाख्यासारखे पारंपरिक ज्ञान शालेय भूगोलातील भरती-ओहोटीच्या पाठास जोडून शिकवल्यास किनारपट्टीवरील व शहरांतील विद्यार्थ्यांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

सहलीचा दिवस माणसाने ठरवावा, परंतु पाण्याजवळ जाण्याची व परतण्याची घटका समुद्राला ठरवू द्यावी, हा विवेक कोकणातील मच्छीमार समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. तो सुटीच्या दिवशी किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचणे ही काळाची गरज आहे.